पक्का उपास

माणूस पहिल्यांदा भेटला की लोक त्याचा चेहरा पाहतात. मी मान पाहते. मग जबडा, मग समोरचे दात, आणि माणूस वळून जायला लागला की पाठ. लग्नात सगळ्या बायका नवरीच्या शालूकडे बघत असतात आणि माझ्या डोक्यात चाललेलं असतं, की हिचं तोंड किती उघडत असेल, घशात नळी घालायची वेळ आली तर सोपं जाईल की अवघड. मला पाहायला आलेल्या मुलाची, म्हणजे आताच्या नवऱ्याची, हनुवटी मला फार आवडली होती. अशी हनुवटी असली की भूल द्यायला अजिबात त्रास होत नाही. हे मी त्याला लग्नानंतर सांगितलं. तेव्हापासून तो माझ्यासमोर जांभई देताना तोंडावर हात धरतो.

मी भूलतज्ज्ञ आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावच्या रुग्णालयात, बाळंतपणाच्या वॉर्डाला लागून असलेल्या ऑपरेशन थिएटरात माझे दिवस जातात. माहेर धामणगाव बढे. शिकायला बाहेर गेले तेव्हा तिथल्या मुली माझ्या 'मले-तुले'ला हसायच्या, म्हणून जीभ घासूनपुसून सरळ करून घेतली. पण राग आला किंवा आनंद झाला की ती लगेच मूळपदावर येते, आणि मला दोन्ही फार लवकर होतं. शांत स्वभावाची भूलतज्ज्ञ हवी असेल त्यांनी दुसरीकडे चौकशी करावी.

माझी बरीच वर्षं एकच तक्रार होती. बायका मला थेट टेबलावर भेटायच्या. स्त्रीरोगतज्ज्ञ ठरवणार, सिस्टर मला हाक मारणार, मी धावत येणार, आणि हातमोजे चढवता चढवता मी त्या बाईची मान बघायची, पाठ बघायची, छातीला स्टेथोस्कोप लावायचा, काय खाल्लं ते विचारायचं. तिला कळा येताहेत, तिला माझं तोंडसुद्धा नीट दिसत नाही, आणि पुढचा तासभर तिचा श्वास माझ्या हातात. अशी ओळख करून घेतात का? म्हणून मी मागणी लावून धरली, की जिच्या हृदयाचं काही आहे, जिला दम लागतो, जिची पाठ वाकडी आहे, जिला मागच्या भुलीचा त्रास झालाय, ती मला सातव्या महिन्यातच दाखवा. मला तिची तयारी करू द्या.

आमचे स्त्रीरोगतज्ज्ञ माझ्याच वयाचे. हात फार जलद आणि बोलणं फार कमी. ते म्हणाले, "मॅडम, गाडी चालते आहे ना? मग बोनेट कशाला उघडता?"

"घाटात बंद पडली की तुम्ही स्टिअरिंग धरून बसाल," मी म्हटलं, "धक्का मलाच मारावा लागतो."

ते हसले, आणि त्यातच माझं काम झालं. तपासणीच्या हॉलच्या कोपऱ्यात मला एक टेबल, दोन खुर्च्या आणि आठवड्यातला एक दिवस मिळाला. बीबी गावच्या आमच्या मुख्य सिस्टरनं कुठूनतरी एक फुलाफुलांचा पडदा पैदा केला. पहिल्या दिवशी मी नवी साडी नेसून गेले, हे सांगायला मला काही लाज नाही. मला खरंच दुकानाचं उद्घाटन असल्यासारखं वाटत होतं.

त्या पडद्याआड काही आठवड्यांनी ती आली.

सुलतानपूरकडची, शेतकरी घरातली. सोबत सासू. ती दारातून वळली आणि मला तिचे खांदे दिसले, एक वर, एक खाली. पदराखालून पाठीचा कणा उजवीकडे फुगून पुन्हा डावीकडे वळलेला कळत होता. लहानपणापासूनच तसा. अशी पाठ दिसल्यावर एखाद्याला आनंद व्हावा हे काही बरं दिसत नाही, पण मला झाला. ही आता सातव्या महिन्यात माझ्यासमोर बसली होती. हातात दोन महिने होते. एरवी हीच पाठ मला ऐन वेळी टेबलावर भेटली असती.

"याआधी काय झालं होतं?" मी विचारलं.

"मागच्या खेपेले दुसऱ्या दवाखान्यात होतो, सिझर झालं. पाठीत लई टोचलं," ती म्हणाली. "सापडे ना त्याइले. मंग तोंडावर काहीतरी ठेवलं. जाग आली तं दिवस बुडाला होता."

"आणि बाळ?"

सासूच बोलली. "पोरगी होती, मॅडम. दुपारपावतर जित्ती होती, मंग गेली. ही तं गुंगीतच होती. मातीले किती येळ थांबाव?"

सुनेनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "रडली म्हणतात. मोठ्यानं रडली. बाहेर सगळ्याइनं आयकलं. सासूबाईनं आयकलं, माह्या भावानं आयकलं. म्याच नाई आयकलं."

सासूनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"या खेपेले मले झोपवू नका, मॅडम. दुखलं तरी चालन. पण जागी ठेवा मले."

माझे डोळे भरून आले. मी रडते, लपवत नाही. पण वचन देणं माझ्या धंद्यात बसत नाही, आणि ते मी तिला सांगून टाकलं. "वचन नाही देत मी तुला. तुझा जीव धोक्यात आला तर झोपवीन, आणि तेव्हा तुझं ऐकणार नाही. पण तयारी करते."

"तयारी म्हंजे काय करता?"

"तुझी पाठ मी पाठ करणार."

ती पहिल्यांदा हसली. दात चांगले होते. तोंडही छान उघडत होतं, ते मी लगेच बघून घेतलं.

मग सुरू झाली आमची तयारी, आणि मला ते दिवस आठवले की अजून अंगात हुरूप येतो. माझा पहिला बेत पाठीतल्या सुईचा. कमरेखालचं शरीर बधिर होतं, बाई जागी राहते, सगळं ऐकते. पण त्यासाठी दोन मणक्यांमधली फट सापडायला हवी, आणि वाकड्या पाठीत ती फट जिथे असायला हवी तिथे नसतेच. दुसरा बेत पूर्ण भुलीचा, घशात नळी घालून. तो मला नको होता, तरी त्याची तयारीही तितकीच पक्की हवी होती. तिला घेऊन मी रुग्णालयाचा जिना चढले. तिला दम लागतो का ते बघायचं होतं. वर पोचल्यावर धापा मी टाकत होते आणि ती मला विचारत होती, "पाणी आणू का, मॅडम?"

सोनोग्राफीचं मशीन कायद्यानं त्याच्या खोलीतून हलवता येत नाही, म्हणून मी तिलाच तिथे नेलं. ते मशीन आमचे स्त्रीरोगतज्ज्ञ चालवतात. त्यांना मी म्हटलं, आज पोटावर नाही, पाठीवर ठेवा. सासू दारात उभी होती. तिला काही राहवेना. "अवं, लेकरू पोटात हाये. पाठीत काय पाहून राह्यले तुम्ही?"

पडद्यावर करड्या रंगात हाडांच्या सावल्या उमटत होत्या. डॉक्टर मशीनचा प्रोब थोडा तिरका करत, थोडा सरकवत गेले, आणि अचानक दोन सावल्यांच्या मधोमध एक उजळ फट दिसली. कणा जिकडे फुगला होता त्या बाजूला, उजवीकडे.

"इथे!" मी एवढ्यानं ओरडले की सासू दचकली.

पेनानं खूण केली असती तर दोन अंघोळींत धुऊन गेली असती. पण तिच्या पाठीवर एक तीळ होता, चांगला ठसठशीत. तिळापासून दोन बोटं खाली, एक बोट उजवीकडे. बोटं माझी. हे मी मनात इतक्यांदा म्हटलं की शाळेत कवितासुद्धा एवढी घोकली नव्हती. डॉक्टर हात पुसत म्हणाले, "बरं झालं बोनेट उघडलं." त्यांच्या मानानं हे भाषणच होतं.

पुढचे दिवस मी घरात कुणाला सुखानं बसू दिलं नाही. नवऱ्याला पालथं घालून त्याच्या पाठीवर बॉलपेननं तीळ काढला. त्यानं घाबरून विचारलं, "माझी सरळ आहे ना?" पोळ्या लाटता लाटता मी लाटणं तिरकं धरून सुईचा कोन बघायचे. रुग्णालयात सिस्टरला टेबलावर बसवून पोक काढायला लावायचे, उशी कुठे द्यायची, कुणी खांदे धरायचे, ते ठरवायचे.

"मॅडम," सिस्टर म्हणाल्या, "पोरीचं लगीन असल्यावानी करून राह्यल्या तुम्ही. आता फक्त मांडव राह्यला."

"मांडवही घालू," मी म्हटलं.

ती दर खेपेला येऊन माझ्यासमोर पाठ करून बसायची आणि मी तिळापासून बोटं मोजायचे. तिला गंमत वाटायची. नवव्या महिन्यातल्या भेटीत ऑपरेशनचा दिवस ठरला, आदल्या दिवशी दाखल व्हायचं ठरलं, आणि मी सासूला समोर बसवून बजावून सांगितलं. "मावशी, त्याआधीच कळा सुरू झाल्या तर वाट बघत बसू नका. गाडी करा आणि निघा. आणि एक ध्यानात ठेवा, तिला काही खाऊ घालू नका. उपाशी आणा."

"उपाशीच आणतो," मावशी म्हणाल्या. "तुम्ही बिनघोर राहा."

मी बिनघोर राहिले.

ठरलेल्या दिवसाच्या आधीच, एका सकाळी, वॉर्डातून निरोप आला की सुलतानपूरची बाई कळा घेऊन आली आहे. घाबरायचं सोडून मी चक्क आनंदानं जिना उतरले. पळतच म्हणा. ती खाटेवर एका कुशीवर होती, कपाळावर घाम, पण मला बघून तिनं हात वर केला. मावशी उशाशी उभ्या होत्या.

"काही खाल्लं नाही ना?" मी विचारलं.

"नाई!" मावशी अभिमानानं म्हणाल्या. "पक्का उपास हाये. अन्नाचा कण नाई जाऊ देल्ला पोटात."

"शाब्बास मावशी!" मी त्यांच्या पाठीवर थापच मारली.

डॉक्टरांनी तपासलं. जुन्या टाक्यावर तिला दुखत होतं, आणि बाळाचे ठोके मधूनमधून मंदावत होते. "थांबता यायचं नाही," ते म्हणाले. सिस्टर तिला ऑपरेशनचा गाऊन चढवायला लागल्या. तेवढ्यात मावशींनी पिशवीतून डबा काढला आणि सिस्टरपुढे धरला. "बाई, तुम्ही सकाळपासून उभ्या असान. घ्या घासभर. उपासाचंच हाये."

'उपासाचंच' हा शब्द कानावर पडला. मी वळून बघितलं. डब्यात साबुदाण्याची उसळ होती. तुपात परतलेली, वर दाण्याचा कूट, बटाट्याच्या फोडी. डबा अर्धा रिकामा होता.

"मावशी, यातलं कोणी खाल्लं?"

"तिनं. पोटभर खाल्लं. अन् दोन केळं. कळा द्यायले ताकद नाई लागत का?"

"काऊन, मावशी? काऊन?" माझी जीभ एका क्षणात धामणगाव बढ्याला पोचली. "म्या तुमाले सांगतलं नोतं का, उपाशी आणा म्हणून!"

"तं आणली नं उपाशी! पोळी नाई, भात नाई, चहात बिस्कुट नाई. आणखी कसं उपाशी असते?"

मला ओरडावं की हसावं तेच कळेना. बाई अक्षर न् अक्षर खरं बोलत होती. अन्नाचा कण गेला नव्हता. माझ्या सासरी एकादशीला एरवीपेक्षा जास्त भांडी घासायला पडतात, रताळ्याचा कीस, भगर, दाण्याची आमटी, शेंगदाण्याचे लाडू, आणि सगळे म्हणतात आज आम्हाला उपास. मी स्वतः म्हणते. पाठीचा बोटाबोटांचा हिशेब मी पाठ केला होता आणि हा एक शब्द तसाच सोडला होता.

डॉक्टर हात धुऊन आले होते. टेबलावर चढताना तिला आलेली कळ बघून म्हणाले, "मॅडम, पाठीशी खेळत बसू नका. सरळ झोपवा. वेळ नाही."

मी काचेच्या दाराकडे बोट दाखवलं. पलीकडे मावशी उघडा डबा घेऊन उभ्या होत्या. पोट भरलेलं असताना पूर्ण भूल दिली की खाल्लेलं वर येऊ शकतं, घशातून फुप्फुसात उतरू शकतं, आणि मग बाई टेबलावरच गुदमरते. तशी वेळ आलीच तर मी नळी घातली असती, दुसरा बेत मांडून तयारच होता. पण साबुदाणा, दाणे आणि तूप पोटात असताना तो बेत म्हणजे जिवाशी खेळ होता.

डॉक्टरांनी डब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मग पाठ?"

"पाठच," मी म्हटलं.

ती आमचं बोलणं ऐकत होती. घाबरून तिनं माझा हात धरला. "मॅडम, आता बेहोश करता का मले?"

"नाही गं बाई. आता तर तुला जागी ठेवायला मीच तुझ्यापेक्षा उतावीळ आहे."

पित्त शमवायचं औषध दिलं. सिस्टरनी तिला बसवलं, पोटाशी उशी दिली, खांदे धरले. इतक्या वेळा केलं होतं आम्ही हे, की कुणी कुणाला काही सांगितलं नाही. मी गाऊनची नाडी सोडली आणि तीळ दिसला. इतका जिवाभावाचा वाटला तो तीळ मला! दोन बोटं खाली, एक उजवीकडे. सुई आत गेली आणि हाड लागलं.

"लागू द्या," ती मान न उचलता म्हणाली. "म्या हालत नाई."

सुई थोडी मागे घेतली. स्वयंपाकघरात लाटण्यानं धरलेला कोन डोळ्यांपुढे आणला, किंचित आत वळवली, पुन्हा पुढे. आणि हाताला ते कळलं, तो बारीकसा ढिलेपणा. सुईच्या टोकाशी पाण्यासारखा स्वच्छ थेंब आला. फट सापडली होती.

"आलं! आलं गं!" ऑपरेशन थिएटरात ओरडायचं नसतं. मी ओरडले. डॉक्टरांचे डोळे मास्कवर हसताना दिसले.

औषध दिलं, तिला निजवलं, स्पिरिटचा गार बोळा घेऊन दोन्ही बाजूंनी फिरवला. उजवीकडे छातीपर्यंत तिला गारवा कळत नव्हता. डावीकडे मात्र ती म्हणाली, "लागते गार."

माझा आनंद जागच्या जागी थिजला. वाकड्या पाठीत हे होतं, औषध एकाच बाजूला साचून बसतं. डॉक्टर हात वर धरून उभे होते. मॉनिटरवर बाळाचा ठोका पुन्हा मंदावला. मी टेबल डावीकडे कलतं केलं आणि तिच्या डोक्याशी उभी राहून मनातल्या मनात त्या औषधाला शिव्या देत राहिले, चल की बाबा, चल की, एवढी तुझी वाट बघितली. बोळा फिरवला.

"आता?"

"थोडं लागते."

पुन्हा फिरवला.

"आता?"

ती डोळे मिटून विचार करत होती. मला तो विचार फार लांबला असं वाटलं. "नाई," ती म्हणाली. "आता काईच नाई लागत." मी डॉक्टरांकडे बघून मान हलवली आणि त्यांनी सुरी हातात घेतली.

मग मला काही करायचं नव्हतं, फक्त तिच्या डोक्याशी बसून रक्तदाब बघायचा होता. ती एकटक छताकडे बघत होती. तिचा श्वाससुद्धा हळू चालला होता, जणू श्वासाच्या आवाजानं काही ऐकायचं राहून जाईल. मीही ऐकत होते. पडद्यापलीकडे कात्रीची खडखड झाली, डॉक्टर काहीतरी पुटपुटले, आणि मग थोडा वेळ काहीच नाही. तिची नखं माझ्या मनगटात रुतली.

आणि रडणं आलं. खणखणीत, रागावलेलं, सगळ्या थिएटरात भरून राहणारं.

"पोरगी हाये!" सिस्टर म्हणाल्या, आणि सवयीनं बाळाला थोपटायला लागल्या. "उगी उगी, उगी माय..."

"उगी नका करू!" ती एकदम म्हणाली. तेवढ्या मोठ्यानं ती कधी बोलली नव्हती. "रडू द्या तिले. आयकू द्या मले."

सिस्टरचा हात थांबला. डॉक्टरांनीही दोन क्षण टाके थांबवले, आणि आम्ही सगळे त्या पोरीचं रडणं ऐकत उभे राहिलो. माझ्या मास्कच्या आत पाणी ओघळत होतं आणि मी ते पुसलं नाही.

नंतर तिला खाटेवर आणलं, बाळ तिच्या गालाशी ठेवलं. मावशी डबा पदराआड लपवून लांब उभ्या होत्या. मी त्यांना जवळ बोलावलं आणि दोघींना समोर धरून, या वेळी एकेक शब्द सुटा करून सांगितलं. "आता मी सांगेपर्यंत हिला काही नाही. पोळी नाही, साबुदाणा नाही, केळं नाही, उपासाचं नाही, बिनउपासाचं नाही. काही म्हणजे काहीच नाही. भूक लागली तरी."

मावशींनी मान डोलावली. ती मात्र माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. पोरगी पुन्हा कुरकुरायला लागली होती आणि तिनं कान तिच्या तोंडाशी नेला होता.

"नाई लागत भूक, मॅडम," ती म्हणाली. "पोट भरलं माहं."